चुकीचे सुटे भाग

दाराखालून जळकट वास आला, म्हणून उल्रिकाने न विचारता मुलाच्या खोलीचं दार उघडलं. असं तिने गेल्या चार वर्षांत केलं नव्हतं. आत निळसर धूर होता. मेल्कर हातात टॉर्च घेऊन जमिनीवर गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्यापुढे कॉम्प्युटरची पेटी पोट फाडल्यासारखी उघडी पडली होती.

"काय झालं रे?"

"पॉवर सप्लाय गेला." त्याने मान वळवली नाही. "जाताना मदरबोर्डपण घेऊन गेला."

उल्रिकाला यातलं फारसं काही कळलं नाही. तिला एवढंच कळलं, की मुलगा आपल्याशी बोलतोय आणि मध्ये दार नाही. ती चौकटीला धरून तशीच उभी राहिली. पाठीचे मणके शर्टातून मोजता यावेत इतका तो वाळला होता. केस मानेखाली उतरले होते. मग त्याने टॉर्च बंद केला आणि म्हणाला, "खिडकी उघडशील का? ती घट्ट बसलीय."

अठराव्या वर्षी एका सकाळी मेल्कर शाळेच्या बसमधून मधल्याच थांब्यावर उतरला आणि बर्फातून चालत घरी आला. त्यानंतर तो शाळेत गेला नाही. पुढे घराबाहेर पडेना, मग जिना उतरेना. डॉक्टर झाले, नगरपालिकेच्या बाई झाल्या. बाई दारापाशी खुर्ची टाकून तासन्‌तास लाकडाशी बोलल्या आणि जाताना उल्रिकाला म्हणाल्या, धीर धरा. स्वीडनमधलं हर्नोसांड हे गाव लहान. उल्रिका दाताच्या दवाखान्यात मदतनीस, त्यामुळे अर्ध्या गावाची तोंडं तिच्यासमोर उघडायची, आणि बधिरतेचं इंजेक्शन लागू पडेपर्यंत प्रत्येकाला काहीतरी बोलायचं असायचं. "मेल्कर काय करतो हल्ली?" ती म्हणायची, "कॉम्प्युटरमध्ये आहे." यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेल्कर स्वयंपाकघरात आला.

खोलीत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, एवढंच कारण. तो टेबलाशी बसला, राय नावाच्या धान्याच्या कडक पावावर चीज ठेवून खाऊ लागला. चुरा सगळीकडे सांडत होता. तेवढ्यात स्टाफन, त्याचा बाप, बर्फ काढायची गाडी अंगणात लावून जेवायला आत आला. मुलगा दिसताच तो दारातच थबकला. मग त्याने जाड हातमोजे काढले, कॉफी चढवली आणि पाठमोराच म्हणाला, "आज पुन्हा पडणारे म्हणतात."

"किती?" मेल्करने विचारलं.

"पुष्कळ."

बापलेकांचं एवढंच बोलणं. पण स्टाफनने कॉफीत साखर घातली ती तीनदा घातली आणि तशीच प्यायला.

नवीन भाग आणायचे होते. मेल्करला ते स्वतः मागवता येत नव्हते. बँकेच्या ऑनलाइन ओळखपत्राची मुदत कधीच संपली होती आणि ती नवी करायची तर स्वतः जाऊन काउंटरवर उभं राहावं लागतं. म्हणून मग उल्रिका म्हणाली, "मी सुन्द्सवालला जाते. तिथे दुकान आहे. मला नीट समजावून सांग."

त्याने समजावलं. मिठाची डबी म्हणजे प्रोसेसर, लोण्याचं भांडं म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

"लोक सगळा पैसा यांच्यावर उधळतात आणि पॉवर सप्लाय हाताला येईल तो उचलतात. मीपण तेच केलं होतं. सोळा वर्षांचा होतो, अक्कल नव्हती."

"पण वीज ती वीज. त्यात चांगली-वाईट काय?"

मेल्करने डोळे मिटून जरा विचार केला. "तुमच्या दवाखान्यात ड्रिलला हवा कुठून येते?"

"तळघरात पंप आहे. सगळ्या खुर्च्यांना तोच."

"आणि चारही खुर्च्यांवर एकदम ड्रिल चालू केलं तर?"

"अरे, जुन्या पंपाच्या वेळी तर चौथ्या खुर्चीवर ते घरघरून बंदच पडायचं! पेशंट आ वासून तसाच."

"बस. हेच." आणि मेल्कर हसला. एक खालचा दात थोडा वाकडा आला होता. तो कधी आला, हे दाताच्या दवाखान्यात काम करणाऱ्या त्याच्या आईला माहीत नव्हतं.

साडेसातशे वॅटचा हवा, ग्राफिक्स कार्डची वायर आधीच जोडलेली हवी, असं तिच्याकडून त्याने दोन-तीनदा वदवून घेतलं. तरी पहिल्या खेपेला ती खरोखरच चुकली. खोक्यावरचे आकडे वाचताना गोंधळली आणि भलताच कमी ताकदीचा घेऊन आली.

"आई गं!" मेल्करने कपाळावर हात मारला. "हा तर कार्ड बघूनच घाबरेल."

मग संध्याकाळभर पुन्हा शिकवणी झाली. बटाटे-सॉसेज परतून झाले, खाऊन झाले, तरी तो उठला नाही. तिने दवाखान्यातला तो म्हातारा सांगितला, जो कवळी खिशात घालून आला आणि त्या कवळीवरच बसला. मेल्करने कॉम्प्युटरवरच्या मित्रांबद्दल सांगितलं. एक पोलंडचा, एक पोर्तुगालची, दोघांनाही त्याने कधी पाहिलेलं नव्हतं. "ते समजत असतील मी मेलो," तो म्हणाला.

पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर उल्रिकाला आठवत राहिली ती फक्त संध्याकाळ. चूक झाली म्हणून मिळालेली.

पुढच्या खेपेला तिने बरोबर तो पॉवर सप्लाय मागितला. विक्रेता योरान नावाचा टकला, पोट सुटलेला माणूस होता. त्याने शाबासकी दिली. "आता कसं! मुलगा खूश होईल." उल्रिका मान डोलावून गाडीपर्यंत गेली, आणि परत आत आली.

"यातलाच एखादा लहान आकाराचा असतो का? लहान पेट्यांसाठीचा?"

"असतो. पण तुमच्या पेटीत त्याच्या वायरी पोचायच्या नाहीत."

"द्या तोही."

योरानने भुवया उंचावल्या, पण दिला.

बरोबरचा तिने डिकीत, गाडी ओढून न्यायच्या दोराखाली आणि जुन्या घोंगडीखाली ठेवला. लहान आकाराचा घरी नेला. मेल्करने वायर ताणून पाहिली, ती वीतभर कमी पडली. "जाऊ दे," तो म्हणाला. "दुकानदाराने फसवलं तुला." आणि तिला कळावं म्हणून पेटी टेबलावर आणून ठेवली, कुठली वायर कुठून फिरते ते दाखवलं. तिचं बोट धरून दाखवलं.

त्यानंतर मेमरी आली ती जुन्या पिढीची. तिची खाच भलत्या जागी होती, बसेचना. कुठला भाग थोडक्यात हुकेल, हे उल्रिकाला आता इतकं छान कळू लागलं होतं, की योरान एकदा म्हणाला, "बाई, तुम्हाला मी इथे नोकरी देऊ शकतो. की तुम्ही मुद्दाम चुकता?" तिचा चेहरा असा झाला, की त्याने पुढे काही विचारलं नाही.

स्टाफनपासून तिने लपवलं नाही. गॅरेजमध्ये तो बर्फगाडीच्या नांगराचं पातं घासत होता तेव्हा सगळं सांगितलं.

तो हातातलं काम थांबवून बघत राहिला. "म्हणजे बरोबरचा डिकीत पडलाय?"

"हो."

"उल्रिका, देऊन टाक. त्याला कळलं ना—"

"चार वर्षांत तू त्याच्या तोंडून एवढी वाक्यं ऐकली होतीस? काल तो तुझ्याशी हॉकीवर बोलला. भांडला तुझ्याशी! ऐकलं मी."

स्टाफनने पातं पुन्हा घासायला घेतलं. घासता घासता म्हणाला, "आठवडाभर. त्याहून जास्त नको." म्हणजे तोही सामील झाला.

त्या आठवड्यात सेम्ला खायचा मंगळवार आला. उल्रिकाने बदाम आणि साय भरलेले ते गोड पाव आणले. मेल्करच्या नाकाला साय लागली आणि स्टाफनने ती आपल्या अंगठ्याने पुसली, लहान मुलाची पुसावी तशी. मग मेल्कर बोलला.

"आई, तुला हे जमायचं नाही. राग मानू नकोस."

"नाही रे. पुढच्या वेळी नक्की—"

"शनिवारी मीच येतो तुझ्याबरोबर."

उल्रिकाने हातातला कप बशीत ठेवला. मेल्कर टेबलाकडे बघत भराभर बोलत होता. "गाडीतून जायचं, दुकानात शिरायचं, घ्यायचं, परत. आत गर्दी असली तर मी गाडीत बसेन आणि तू खोकं दाखवायला आण. तेवढं जमेल. जमेल बहुतेक."

उल्रिकाने दुसऱ्याच दिवशी दवाखान्यातून योरानला फोन केला. थोडंसंच सांगितलं. त्याने सगळं ओळखलं असावं. म्हणाला, शनिवारी मी दुकान तासभर आधी उघडतो, आत फक्त मी असेन.

शनिवारी मेल्करला जुने बूट होईनात. त्याने बापाचे घातले. जाकिटाची चेन त्याला लागेना. उल्रिका चेन लावायला पुढे झाली तर म्हणाला, "नको, हात लावू नकोस, नाहीतर मी थांबेन." तो पायरीपाशी बराच वेळ उभा राहिला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, बर्फावरून डोळ्यांत घुसत होतं. त्याने एक हात कपाळावर धरला आणि उतरला. अंगण ओलांडलं. शेजारचा कुत्रा भुंकला, तो दचकला, तरी चालत राहिला. काखेत परत करायच्या चुकीच्या भागांची खोकी होती.

उल्रिका त्याच्याकडेच बघत होती. गाडीचं कुलूप तिने उघडलं तेव्हाही त्याच्या पावलांकडे बघत होती. मेल्करने खोकी ठेवायला डिकी उघडली, जागा करायला घोंगडी बाजूला ओढली.

तिला तेव्हा आठवलं.

त्याने ते खोकं उचललं. वरचे आकडे वाचले. पावती चिकटलेलीच होती, तीही वाचली.

"मेल्कर—"

"हा पंधरा दिवसांपूर्वीचा आहे."

"मी तुला सांगणार होते."

"मी येत होतो, आई." तो ओरडला नाही. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी येतच होतो ना?"

त्याने खोकं छातीशी धरलं. त्याचा श्वास जोरजोरात चालला होता आणि तोंडातून वाफ निघत होती. मग त्याने विचारलं, "बाबाला माहीत होतं?"

स्टाफन वरच्या खिडकीत उभा होता. उल्रिकाने तिकडे पाहिलं नाही.

"नाही," ती म्हणाली. "त्याला कळलं असतं तर त्याने मला करूच दिलं नसतं."

मेल्कर वळला आणि अंगण ओलांडून आत गेला. येताना लागला त्याच्या निम्म्याहून कमी वेळात.

ती गाडीजवळच होती तेव्हा योरानचा फोन आला. दुकान उघडून ठेवलंय म्हणाला, कॉफीही केलीय. उल्रिका म्हणाली, "आज नाही जमणार," आणि फोन बंद केला. सोमवारी स्टाफन राहिलेले भाग घेऊन आला. मेल्करने त्याला काय हवं ते सांगितलं होतं, तेही दार किलकिलं करून, बापालाच. संध्याकाळी वरून पंख्याची बारीक घरघर ऐकू आली. पोलंडच्या आणि पोर्तुगालच्या मित्रांना कळलं असेल की तो जिवंत आहे.

उल्रिका दारापाशी गेली. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. म्हणाली, "चुकलं माझं. तू खाली येत होतास, ते संपू नये असं वाटलं मला."

आतून टाइप करायचा आवाज थांबला. "माहितेय," मेल्कर म्हणाला. "मला कळतं ते. पण मी तुला शिकवत होतो आणि तू माझ्यासमोर न कळल्यासारखं करत होतीस. ताट बाहेर ठेवत जा. बोलू नकोस."

ती ताट ठेवत राहिली. ताट रिकामं परत यायचं, तिच्याकडे नाही, जिन्यावर. स्टाफनने एकदा भीत भीत म्हटलं, "मी सांगतो त्याला. मलाही माहीत होतं म्हणून. निम्मं माझ्यावर घेतो."

"खबरदार," उल्रिका म्हणाली. एवढ्या कडक आवाजात ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. "त्याला घरात विश्वासाचा एक माणूस राहू दे."

वसंत गेला, उन्हाळा गेला. स्टाफन रोज संध्याकाळी वर जाऊन बसू लागला, आधी दाराबाहेर, नंतर आत. खाली येऊन तो बायकोला सांगायचा, काय बोलला, काय खाल्लं, केस कापून घेतले. उल्रिका ऐकून घ्यायची. मध्ये प्रश्न विचारायची नाही, कारण विचारलं की स्टाफनचा चेहरा पडायचा.

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी ती दवाखान्यातून जेवायला घरी येत होती. रस्त्याच्या वळणावर पोचली तर अंगणात बर्फ काढायची गाडी धूर सोडत उभी होती, आणि दारातून स्टाफनमागून मेल्कर बाहेर येत होता. डोक्यावर बापाची टोपी होती. तो मध्येच थांबला. स्टाफनने वळून पाहिलं नाही, नुसता चढून बसला आणि पलीकडचं दार आतून उघडून धरलं. मेल्कर चढला.

उल्रिकाने आपली गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. ते याच रस्त्याने येणार होते. आपल्याला पाहून तो उतरेल या भीतीने तिने पट्टा सोडला आणि सीटवरून खाली सरकली, गुडघे पोटाशी घेऊन, डोकं खिडकीच्या खाली. नांगराचा घासत येणारा आवाज जवळ आला. मेल्करचा आवाज ऐकू येतो का म्हणून तिने कान लावला. ऐकू आला नाही. नांगराने फेकलेला बर्फ तिच्या काचांवर धडाधड आदळला, गाडीत अंधार झाला, आणि आवाज चढणीकडे निघून गेला. तरीही ती बराच वेळ खालीच बसून राहिली.