सांदूचं गप्प होणं

"बटण दाबायचं नाही," सांदूने बायकोला, वेताला, पुन्हा बजावलं. "मी जमिनीवर लोळलो तरी नाही."

त्याला काही होतंय असं वाटलं तर दाबायचं बटण नर्सने तिच्या हाती दिलं होतं. त्याच्या डोक्याला पट्टी होती. तिच्याखालून निघालेल्या वायरी पलंगामागच्या यंत्रात गेल्या होत्या. त्यांना घेऊन संडासापर्यंत जाता यायचं, पुढे नाही. गलात्स शहरात अर्धं आयुष्य ट्राम चालवलेला हा माणूस परवा एका थांब्यावर थांबलाच नाही. लोकांनी काचा बडवल्या आणि डेपोने त्याला इथे, इस्पितळात धाडलं. "विचारात होतो," एवढंच तो सांगत होता. मेंदूच्या लहरींत काही निघालं नाही, तर ट्राम परत मिळणार होती.

वेताने डबा उघडला. कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा अजून गरम होता.

"लेक ईस्टरला यायचं म्हणतेय. काय सांगू तिला?"

सांदू खिडकीकडे बघत राहिला. काही चघळत असल्यासारखे ओठ हलत होते.

"झालं सुरू! मी तोंड उघडलं की ह्याचे कान बंद. त्यापेक्षा भिंतीशी संसार केला असता!"

तेवढ्यात नर्स धावत आली. "काका, हात वर करा! ऐकू येतंय का?"

जरा वेळाने सांदूने मान वळवली. "ही कधी आली?"

नर्सच्या मागोमाग आलेल्या डॉक्टरबाईंनी पडद्यावरच्या रेषा दाखवल्या. संथ चाललेल्या रेषा एकाएकी दाट, टोकदार झाल्या होत्या. "हा फिट्सचा झटका. बटण नाही दाबलं तरी यंत्र ओळखतं. सकाळीही एक येऊन गेलाय."

"पण मी पडलो कुठे?"

"सगळेच पडत नाहीत. ट्राम मात्र आता नाही, सांदू."

तो ताडकन उठून दाराकडे निघाला. वायरी ताणल्या, मान मागे खेचली गेली. नर्सने खांदे धरून त्याला बसवलं.

"काढा हे सगळं!"

"एवढ्यात नाही काढता येणार, काका."

"हे कधीपासूनचं असेल?" वेताने विचारलं.

"फार जुनंही असू शकेल," म्हणत डॉक्टरबाई गेल्या.

वेता बसून राहिली. त्याच्या याच गप्प बसण्यावरून तिने ताटं आपटली होती. एकदा तर पोरीला घेऊन माहेरी गेली होती.

"मला वाटायचं, तुला मी नकोशी झालेय."

"आणि मला वाटायचं, तू उगाचच भडकतेस," सांदू म्हणाला. "मी तर तुझ्याशी बोलतच असायचो."

तिने खुर्ची जवळ ओढली, एक घास मोडून पुढे धरला. "खातोस ना?"

तो बोलला नाही. वेताने वाकून त्याचा चेहरा नीट पाहिला. ओठ स्थिर होते. डोळे भरून आले होते.

त्याला ऐकू आलं होतं.