साहेबांचा रंगीत तक्ता

आमच्या रुग्णालयात नवे अधीक्षक आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीवर रंगीत तक्ता लावला. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक नर्सचा विभाग बदलायचा. "सगळ्यांना सगळं आलं पाहिजे," साहेब म्हणाले. आयुष्यात कधी ओलं बाळ हातात न घेतलेल्या माणसाला बोलायला काय जातं!

बावीस वर्षं प्रसूतिगृह सांभाळणाऱ्या ताईंना तक्त्यानं डोळ्यांच्या विभागात बसवलं आणि त्यांच्या जागी मला पाठवलं. माझी नऊ वर्षं त्वचाविभागात गेलेली. खरूज-गजकर्णातली मी तज्ज्ञ!

तिसऱ्याच दिवशी दुपारी एक पहिलटकरीण बाळंत झाली. बाळ निळं पडलेलं, रडेना. डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत सिझेरियनमध्ये अडकलेल्या. मी बाळाची पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. श्वास द्यायचा मास्क तोंडावर धरला, पण हवा आत जाईना.

"का रडत नाही हो?" आई सारखी विचारत होती. मी मास्क पुन्हा पुन्हा दाबून बघत होते.

आयामावशी कोणाला न विचारता पळत सुटल्या आणि ताईंना घेऊन आल्या. ताईंनी मला बाजूला सारलं, बाळाची मान जराशी मागे केली, मास्क नीट बसवला. "छाती बघ, छाती. हलली ना? आता मोज."

मिनिटभरात पोर असं किंचाळलं की मी भिंतीला टेकून रडले.

संध्याकाळी ताईंना कारणे दाखवा नोटीस. जागा सोडली म्हणून! डोळ्यांत औषध घातलेले सात रुग्ण खोळंबले म्हणे. बाळाबद्दल त्या कागदावर एक अक्षर नव्हतं.

ताईंनी नोटीस घडी करून पर्समध्ये कोंबली. दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत त्या मला शिकवू लागल्या. टॉवेल गुंडाळून त्याचंच बाळ. माझा हात बसत आला, तोच पंधरवडा संपला. तक्त्यात माझ्यापुढे दंतविभाग!

मी साहेबांकडे गेले. "मी जाणार नाही. आणि ताईंना परत आणा."

"शिस्त कळते का तुम्हाला?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"एकदा बाळंतपणाला येऊन उभे राहा साहेब, मग शिस्तीचं बोलू."

ते कशाला येतायत! त्यांना म्हणे तिथला वास सोसत नाही. नोटिशीचा निकाल लागेपर्यंत बदली नाही, म्हणून ताई अजून डोळ्यांच्याच विभागात आहेत. मला दोन मेमो मिळाले. मी रोज सकाळी प्रसूतिगृहात जाते, हात धुते आणि कामाला लागते.