दोन कोठ्यांची ज्वारी

"हे जहर माह्या घरात नाही चालत!" रुखमाबाईनं कोठीचं झाकण असं आपटलं की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या.

सून साधना तोंडाला पदर बांधून ज्वारीत पांढरी भुकटी कालवत होती. बाभुळगावच्या शेतकरी शिबिरातून तिनं ती आणली होती. नवरा गेल्यापासून ती सासूच्या डोळ्यांत सलत होती. वर्षाच्या भाकरीला किडा लागला नाही, तर या घरात आपली थोडी किंमत राहील, एवढीच तिची आस.

"आई, जहर नोहे. सिलिका म्हणते याले. किड्याच्या आंगाले घासली का तो वाळून मरते. आपण धुवून, वाळवून दळावं, काई होत नाही."

"मंग तूच खाय! आठ दिस एकटीनं. जित्ती राह्यली तं पाहू."

दीर रोशन फिदीफिदी हसला. साधनानं खाल्लं. रोज सकाळी सासू दारातून हाक मारायची, "उठली का वं?" सून उठलेली दिसली की म्हातारीचं तोंड पडायचं. अशीही माणसं असतात.

आठ दिवस सरले तरी सासूचं मन धजेना. साधना शेतात निंदायला गेली त्या दिवशी रुखमाबाईनं मोठ्या कोठीतली सगळी ज्वारी सुपानं पाखडली, भुकटीचा कण ठेवला नाही. छोटी कोठी तेवढी सुनेला सोडली.

श्रावणात मोठ्या कोठीतून कुबट वास सुटला. मूठभर ज्वारी काढली तर अर्धं पीठ नि अर्धे सोंडे.

"तुह्याच पावडरीनं किडे आणले, रांडे!" म्हणत रुखमाबाईनं तेच सूप सुनेच्या पाठीत घातलं.

"तुमीच तं पाखडली न, आई," साधना म्हणाली. त्यावर आणखी दोन बसले. मग रोशननं कोठ्या बदलल्या. छोटी सासूच्या खोलीत गेली, मोठी साधनाच्या छपरीत आली.

चार दिवसांनी शेजारची हंसाबाई मूठभर ज्वारी मागायला आली. गावभर किड्यानं नास केला होता. रुखमाबाईचा दाणा पाहून ती बघतच राहिली.

"काय केलं वं माय तुमी?"

"पावडर लावली. शिबिरातली हाये," रुखमाबाई म्हणाली. "साधना तं भेत होती. म्या म्हटलं, मीच खाऊन पायतो पयले."

"लय हिंमत तुमची!" हंसाबाई कौतुकानं म्हणाली. "उद्या माह्याही घरी लावून द्या न."

"साधना येईन न. काम सांगतलं का करते थे."

साधना छपरीत चाळणीनं पिठातले सोंडे वेगळे करत होती. संध्याकाळच्या भाकरीपुरतं पीठ अजून निघालं नव्हतं.