कमल असेल तर

भीमराजने फळ्यावरचा पाळ्यांचा कागद टाचणीसकट उपटला आणि तो तडक कॉम्प्युटरच्या थंडगार खोलीकडे निघाला. एवढ्या तिरीमिरीतही चपला मात्र त्याने दाराबाहेर काढल्या.

"बाई, मला काढलं काय?"

मृणालिनीने कागद पाहिला. त्याचं नाव सकाळपाळीत नव्हतं आणि दुपारपाळीतही नव्हतं. मुलुंडच्या त्या औषध कारखान्यात पाळ्या लावायचं काम गेल्या वर्षीच मशीनकडे आलं होतं. साहेब येईल त्या पाहुण्याला मशीन कौतुकाने दाखवत. मशीनला नियम घालून द्यायचे, ते मृणालिनीने.

"तुम्हाला कोण काढतंय? बसा."

नियम चाळताना एका ओळीवर तिचं बोट थांबलं. गेल्या वर्षी भीमराज आणि पॅकिंगमधली त्याची बायको कमल, दोघं हसत हसत आले होते. भांडुपहून यायला सायकल एकच, तेव्हा पाळीही एकच द्या म्हणाले. तिने लिहून टाकलं होतं : कमल ज्या पाळीत, भीमराज त्याच पाळीत.

कमल काविळीने गेली. परवा मृणालिनीनेच तिच्या नावापुढे सगळ्या पाळ्यांत शून्य भरलं. मशीनने नियम इमानेइतबारे पाळला. कमल कुठेच नाही, म्हणून भीमराजही कुठेच नाही.



"चूक माझी आहे. कमल असेल तरच हा नियम लागू, असं लिहायला हवं होतं. ती नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्या तरी कुठं आलं होतं?"

तो नियम आता खोडून टाकला असता तरी चाललं असतं. तिच्याने खोडवेना. तिने त्या ओळीआधी 'कमल असेल तर' एवढी अट घातली.

"कुठली पाळी देऊ?"

"कुठली पण द्या. मागं कोण बसायचंय आता."

प्रिंटर खडखडला. नव्या कागदावर सकाळपाळीत भीमराज होता. तो कागद त्याच्या हातात देऊन मृणालिनीने जुना कागद टोपलीत टाकायला उचलला.

"तो राहू द्या माझ्याकडं."

"अहो, चुकीचा आहे तो. तुमचं नाव कुठंय त्यात?"

"तिचं पण नाही ना," भीमराज म्हणाला, आणि कागदाची घडी खिशात ठेवून बाहेर चपला घालू लागला.