भट्टी टिकेल, असं मी म्हणालो

मुलीच्या घराचं दार काढायला मुकादम सकाळीच आला. हातात पहार, बरोबर कारखान्यात काच फुंकणारा फुंक्या आणि फुंक्याचा भाऊ. टेम्पोत सामान अर्धं चढलं होतं. मुलगी गादीची वळकटी आवळत होती आणि जावई पायरीवर बसून खोकत होता.

गाव सोडणाऱ्याचं दार तो निघायच्या आधी, त्याच्या डोळ्यांदेखत काढायचं, ही रीत आम्ही दोन वर्षांत पाडली होती. दार भट्टीत जायचं. त्यामागून खिडक्या, माळा, तुळया.

आमचा कारखाना काचेचा. काचेची भट्टी विझवता येत नाही. विझली की आतली काच गोठते, आकसते आणि भिंती फोडते. मालक एक दिवस कुलूप न लावताच निघून गेला, तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की भट्टी पेटती ठेवायची. पेटत्या भट्टीला नवा मालक मिळेल, फुटलेल्या विटांना कोण विचारतो? पाळ्या लागल्या. कोळसा संपला तेव्हा रिकामी घरं जाळायला घेतली. एक कुटुंब गेलं की भट्टीला लाकूड मिळायचं आणि पाळीतला माणूस जायचा. आता पाळी करणारे सहा जण उरले होते, पाळीला दोघं. सहावा माझा जावई.

"दार तर नेतोच, जावईबापू," मुकादम म्हणाला. "पण तुम्हीही चला. दुपारची पाळी तुमची आहे."

"डॉक्टरांनी सांगितलंय, आणखी धूर घेतला तर..." जावयाला वाक्य पुरं करता आलं नाही.

"आमच्या फुफ्फुसांना काय अस्तर लावलंय?" फुंक्या म्हणाला. त्याने टेम्पोची किल्ली काढून खिशात टाकली.

"अहो, मला कशाला मधे घेता?" ड्रायव्हर ओरडला.

"तू गप. पळपुट्यांची हमाली करतोस आणि वर तोंड करतोस?"

मुलगी पुढे आली. "भाऊ, किल्ली द्या. हे मरतील इथे."

"मरू दे. पाळीवर मरू दे." मुकादमाने जावयाची कॉलर धरून त्याला उठवलं. "पाच जणांत तीन पाळ्या होत नाहीत, बाई. हा गेला की भट्टी गेली. माझ्या आईच्या खोलीची फळी न् फळी मी त्या भट्टीत घातलीय. ते याच्या खोकल्यासाठी?"

जावई ओढला जात होता. त्याच्या पायातली एक चप्पल पायरीवरच राहिली. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, बाबा काही बोलतील. मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. कारखान्यात भट्टीची नोंदवही लिहायचो, उरलेल्या वेळात वाचायचो. सगळे मला पुस्तकराव म्हणायचे आणि त्यात प्रेम कमीच असायचं.

"सोडा त्याला," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "सोडा. भट्टी तशीही विझवावीच लागणार आहे."

मुकादम थांबला. "काय म्हणालात?"

"विटा झिजतात. दहा-बारा वर्षांनी कुठलीही भट्टी थंड करून नव्याने बांधावी लागते. आपलीला पंधरावं लागलंय. भिंत बाहेरून किती तापते ते मी रोज लिहितो. आत भिंत उरलेलीच नाही. नवा मालक आला तरी तो पहिल्यांदा ती विझवेल."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

इथे खोटं बोलता आलं असतं. काल कळलं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण मला खोटं नीट जमत नाही. जे एकदा जमलं, त्याचं हे सगळं झालं होतं.

"पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हणालो.

"भट्टी पेटती ठेवायचं ठरलं त्या दिवशी कारखान्याच्या अंगणात दोनशे माणसं होती," मुकादम हळू बोलायला लागला. "मी तुम्हाला विचारलं होतं, पुस्तकराव, तुम्ही एवढं वाचता, भट्टी टिकेल ना?"

"हो."

"तुम्ही टिकेल म्हणालात."

"सगळे माझ्याकडे बघत होते," मी म्हणालो. "मला वाटलं, कदाचित मीच पुस्तक चुकीचं वाचलं असेल. घरी जाऊन पुन्हा वाचलं. बरोबरच वाचलं होतं."

"आणि तरी बोलला नाहीत?"

"उद्या सांगू म्हणत राहिलो. मग घरं जळायला लागली. त्यानंतर कसं सांगणार?"

फुंक्याचा भाऊ माझ्या पायाशी थुंकला. "पोरीवर आल्यावर बरं तोंड उघडलं, म्हाताऱ्या."

मुकादमाने कॉलर सोडली. फुंक्याने किल्ली ड्रायव्हरकडे भिरकावली. आता अडवून धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मुलीने नवऱ्याला केबिनमध्ये बसवलं, चप्पल उचलून त्याच्या पायात घातली. मीही त्यांच्याबरोबर जायला भरून ठेवलेली माझी पिशवी घेऊन टेम्पोच्या मागे गेलो. ती मागे सामानात चढली होती; तिने टेम्पोची फळी आतून वर ओढून कडी घातली.

"दोन वर्षांपूर्वी यांची छाती धडधाकट होती, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाच गेलो असतो आम्ही."

"माझं ऐक..."

"तुम्ही नका येऊ."

टेम्पो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती सामानावर पाठमोरी बसून होती. मग मुकादमाने माझं मनगट धरलं. ओढलं नाही, फक्त धरून चालायला लागला. कारखान्यात पाळीवरच्या दोघांना त्याने बाहेर काढलं आणि भट्टीसमोरच्या स्टुलावर मला बसवलं. कोणी लाकूड टाकलं नाही. दुपार टळली तसा आतला लाल रंग काळवंडला. मग आत काहीतरी तडकलं, मोठ्याने, आणि थोड्या वेळाने पुन्हा.

मी उठायला लागलो. मुकादमाने माझ्या खांद्यावर हात दाबला.

"बसा," तो म्हणाला. "अजून बरंच तडकायचंय."