शेवटच्या बाकावरचं आमेन

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. चर्चमधला, अगदी शेवटचा, दाराला खेटून असलेला. उशिरा येणारे, लवकर सटकणारे आणि नवे बूट चावतात म्हणून मागेच टेकणारे, एवढेच माझे पाहुणे. पुढच्या बाकांचा तोरा मला कधी लाभला नाही. पण एका आईने मला आयुष्यभर आपलं मानलं, आणि तिची गोष्ट सांगितल्याशिवाय मला मोडीत निघायचं नाही.

सुताराने पुढचे बाक चांगल्या लाकडाचे केले आणि उरल्यासुरल्या फळ्या जोडून मला उभं केलं. माझा एक पाय जरा तोकडा निघाला. “लंगड्याला मागे बसवू. देव काही पाय मोजत नाही,” असं म्हणून त्याने हात झटकले. मला फार वाईट वाटलं. भिंतीकडच्या टोकाला कोणी हललं की मी टक टक वाजतो आणि सगळी मंडळी माना वळवून बघते.

ती आई पहिल्यांदा आली तेव्हा नवऱ्याला पुरून फार दिवस झाले नव्हते आणि कडेवर मूल होतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ती चादरी धुवायची. साबणाने लाल झालेले हात चर्चमध्ये शिरताना बाह्या ओढून झाकायची. मुलगा अंगाने वाढला, बोलणं मात्र मागेच राहिलं. जे चार शब्द यायचे तेही घसा ताणून. गरज पडली तर चटकन बाहेर नेता यावं म्हणून तिने माझी जागा धरली. तो भिंतीकडे, ती त्याच्या शेजारी. तो डुलायचा, मी वाजायचो. आमची जोडी बरी जमली होती.

त्याला धुलाईखान्यात ठेवून घ्यायला तिने मुकादमाचे पाय धरले होते. तिथे तिने त्याला चादरीची घडी शिकवली. दोन टोकं त्याच्या हातात, दोन तिच्या. जवळ यायचं, टोकाला टोक जुळवायचं, पुन्हा लांब जायचं. शेवटची चादर ढिगावर ठेवली की ती डोळे मिटून देवाचे आभार मानायची आणि दोघं “आमेन” म्हणायची. त्यामुळे त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. घडी पुरी झाल्याशिवाय आमेन नाही.

चर्चमध्ये चादर कुठून आणणार? प्रार्थना सुरू झाली की तो खिशातून रुमाल काढायचा आणि दोन टोकं आईपुढे करायचा. पाळकसाहेबांची प्रार्थना संपायची, सगळी मंडळी एका सुरात आमेन म्हणायची. इकडे रुमालाची घडी अजून अर्धीच. मग सगळं शांत झाल्यावर मागून दणदणीत आवाज यायचा, “आमेन!”

मुलं खुसुखुसु हसायची. सगळ्यात जास्त चिडायची ती गीतांना पेटी वाजवणारी, पेटीवाली बाई. तालाची भारी पक्की. आमेन झालं की तिची बोटं पेटीवर पडलीच पाहिजेत, आणि नेमकं त्याच वेळी हे दुसरं आमेन तिच्या गाण्यात घुसायचं.

एकदा उपासनेनंतर ती तरातरा माझ्यापाशी आली. “अहो, प्रार्थनेच्या वेळी तरी याला बाहेर न्या. सगळा विचका होतो.”

आईचा चेहरा उतरला. “नेईन, बाई,” ती म्हणाली. “पण मग मलाही बाहेरच बसावं लागेल. याला एकट्याला घडी घालता येत नाही.”

पुढचे कितीतरी रविवार ती दोघं बाहेर पायरीवर बसली. मी रिकामा. इतकी शांतता मला कधी नको होती. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थना संपवली आणि दाराबाहेरून, सगळ्यांच्या मागून, तोच आवाज आला. पाळकसाहेब थबकले. पुस्तक मिटून दारापर्यंत चालत गेले आणि म्हणाले, “आत या, माऊली. मंडळीचं आमेन बाहेर ठेवून मला आशीर्वाद देता येत नाही.”

तेव्हापासून पाळकसाहेब त्या दुसऱ्या आमेनसाठी थांबू लागले. पेटीवालीही थांबायची, पण ओठ आवळून. तिची बोटं पेटीवर अधांतरी राहायची आणि नजर छताकडे.

मित्रांनो, सगळे निघून गेले की ती आई माझ्यावर कोपरं टेकून गुडघ्यांवर बसायची. धन मागितलं नाही, मुलगा बरा कर असंही पुढे पुढे मागणं सोडलं होतं. एकच मागणं असायचं. “प्रभू, तू नेशील तेव्हा येईन. तुझ्या घरी यायला मी भीत नाही. पण माझ्यामागे याचं दुसरं टोक धरायला एक माणूस ठेव. एकच पुरे.” तिची आसवं माझ्या फळीत मुरली आहेत. वरून कितीदा रंग दिला, तरी ती जागा मला कळते.

वर्षं गेली. तिचे केस पिकले, मुलाचेही कानाशी पांढरे झाले. एका हिवाळ्यात खोकल्याचं निमित्त झालं आणि ती गेली.

तिची शवपेटी पुढे ठेवली होती. शेजारणीने मुलाला आणून माझ्यावर बसवलं आणि ती पुढे गेली. तो डुललाही नाही. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळी मंडळी आमेन म्हणाली आणि सवयीने थांबली.

मागून काहीच आलं नाही.

त्याने रुमाल काढला होता. दोन टोकं घट्ट धरून त्याने हात आईच्या जागेकडे पुढे केले होते. उरलेली दोन टोकं खाली लोंबत होती. तो वाट बघत होता. सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

तेवढ्यात वाजवायच्या पेटीचं झाकण मिटल्याचा आवाज आला. पेटीवाली उठली. उपासना चालू असताना ती जागेवरून उठलेली मी कधी पाहिली नव्हती. आता तीही म्हातारी झाली होती, बाकांना धरत धरत मागे आली आणि माझ्यावर, आईच्या जागी बसली. “दे, राजा,” ती म्हणाली आणि तिने लोंबणारी टोकं उचलली. तिला घडी नीट जमेना. त्याने तिची बोटं धरून टोकाला टोक जुळवून दिलं. रुमाल चौकोनी झाला. तो त्याने आपल्या मांडीवर ठेवला, हाताने सपाट केला.

“आमेन!”

त्या दिवशी शेवटचं गीत पेटीविनाच झालं.

मित्रांनो, आता चर्चमध्ये नव्या खुर्च्या येणार आहेत. मला ठेवतील की नाही, ठाऊक नाही. माझा पाय दुरुस्त करा, असंही माझं म्हणणं नाही. एवढंच सांगतो, तुमच्या मागे कोणी दोन टोकं धरून थांबलेलं असेल, तर गाणं सुरू करायची घाई करू नका. दर रविवारी प्रार्थनेच्या वेळी पेटीवाली अजून उठते, माझ्यापर्यंत चालत येते, आणि तोवर सगळी मंडळी थांबते.