तीन खोल्यांचं शून्य

उत्तर शून्य आलं तेव्हा मी आधी पेन बदललं. दोष पेनाचा नसतो हे मलाही कळतं, पण एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने स्वतःला इतक्या लवकर मूर्ख म्हणू नये. दुसऱ्या पेनानेही शून्यच आलं.

गणित सेमिनारचं होतं. विषय होता क्रोमॅटिक पॉलिनॉमियल. नाव भारदस्त आहे, काम साधं. कागदावर ठिपके काढायचे. ज्या दोघांचं आपसांत जमत नाही त्यांच्यामध्ये रेघ ओढायची. मग ठिपके रंगवायचे, पण रेघेच्या दोन्ही टोकांना एकच रंग येता कामा नये. असं किती तऱ्हांनी रंगवता येईल ते सांगणारं एक सूत्र निघतं. त्यात रंगांची संख्या घातली की तऱ्हा मोजून हातात. सुलेखा मॅडमनी बजावलं होतं, नकाशे आणि परीक्षेची वेळापत्रकं आणाल तर खाली बसवीन, उदाहरण आपापल्या घरातलं पाहिजे.

घरातलं उदाहरण माझ्या बापाजवळ तयारच होतं. बा, म्हणजे कडूबा, गेली सहा वर्षं वाळूजकडच्या एका केमिकलच्या गोडाऊनमध्ये माल सांभाळतो. त्याआधी पंचवीस वर्षं त्याने मेंढरं सांभाळली. ड्रमवरची इंग्रजी लेबलं त्याला वाचता येत नाहीत, म्हणून त्याने मेंढरांना करतात तशा रंगाच्या खुणा ड्रमना केल्या आणि नावंही ठेवली. कशाशेजारी काय ठेवायचं नाही ती यादी साहेबाने त्याला दोनदा वाचून दाखवली होती. ती त्याला अजून तोंडपाठ आहे. मला माझा हॉलतिकिटाचा नंबर पाठ नाही.

रविवारी जेवताना मी वही घेऊन बसले.

"टकऱ्याचं कुनाशीच जमत नाय," बा म्हणाला. "त्याला येकट्यालाच ठिवायचं. मग ऱ्हायले पाच. धूरकट्याचं चिकट्याशी वाकडं, चिकट्याचं पांढऱ्याशी, पांढऱ्याचं उग्र्याशी, उग्र्याचं निळ्याशी."

"आणि निळ्याचं?"

"फिरून धूरकट्याशी."

"माल ठेवायच्या खोल्या किती?"

"तीन. लाल, पिवळी, हिरवी."

"बसतंय त्यात सगळं?"

"बसवलंय की," म्हणत तो खोकला. खोकला दिवाळीपासूनचा होता. आई, सखूबाई, ताटात भाकरी टाकत म्हणाली, "तंबाखू सोडा म्हनून सांगून माझं तोंड दुखलं." आईचं तोंड दुखलेलं आम्ही कधी पाहिलेलं नाही.

बा मात्र रंगात आला होता. माझे आजोबा धोंडिबा भांडकुदळ एडके कसे वेगवेगळ्या वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडायचे ते तो सांगत बसला. "आन् येखादा कुठंच बसला नाय, तर आबा त्याला आपल्या अंथरुनापाशी बांधायचे. रातभर झोप नाय, पन कळप शाबूत." हे मी वहीत लिहिलं नाही. सेमिनारमध्ये त्याचा काय उपयोग?

बुधवारी दुपारी सूत्र मांडलं. ड्रम म्हणजे ठिपके, खोल्या म्हणजे रंग. टकऱ्याने कुठलीही एक खोली घ्यायची. उरलेल्या खोल्यांत बाकीचे पाच, गोल फेर धरून उभे असल्यासारखे, प्रत्येकाचं दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी वैर. खोल्यांच्या संख्येतून दोन वजा करायचे, जे येईल त्याचा पाचवा घात घ्यायचा, त्यातून तीच संख्या एकदा वजा करायची, आणि शेवटी सगळ्याला खोल्यांच्या संख्येने गुणायचं. तीन खोल्यांसाठी एक वजा एक, गुणिले तीन. शून्य. चार खोल्या धरल्या तर बत्तीस वजा दोन, गुणिले चार, एकशेवीस. पण चौथी खोलीच नाही तर एकशेवीस तऱ्हांचं काय लोणचं घालायचं?

मग सूत्र बाजूला सारून बोटांवर करून पाहिलं. लाल खोली टकऱ्याला. उरल्या पिवळी आणि हिरवी. धूरकट्या पिवळीत, चिकट्या हिरवीत, पांढऱ्या पिवळीत, उग्र्या हिरवीत. पाचवा निळ्या. त्याच्या एका बाजूला हिरवीतला उग्र्या, दुसऱ्या बाजूला पिवळीतला धूरकट्या. दोन्ही त्याचे वैरी. कुठूनही सुरुवात केली तरी पाचवा लटकतच होता.

गणित बरोबर होतं, आणि त्याच क्षणी मला भीती वाटली. तीन खोल्यांत हा माल नीट ठेवायची एकही तऱ्हा नाही. आणि बा म्हणतो, बसवलंय. म्हणजे आत्ता, मे महिन्याच्या या उन्हात, पत्र्याखालच्या कुठल्यातरी खोलीत दोन वैरी पोटाला पोट लावून बसलेत आणि बा त्यांच्यामधून फिरतोय. कुठली खोली, ते शून्य सांगत नाही. फक्त कुठेतरी आहे, एवढंच सांगतं. ते जास्त वाईट.

मी फोन लावला. गोडाऊनमध्ये फोन गेटवर जमा करावा लागतो, तो वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काय नाय. सेमिनारचं काम आहे," म्हणत मी स्कूटीची चावी घेतली. वही काखेत मारली आणि निघाले.

पडेगावहून नगर नाक्यापर्यंत मी कशी गेले ते आठवत नाही. पुढे गोलवाडीचा चढ लागला तेव्हा वाळूजच्या बाजूला आभाळात एक काळी रेघ दिसली आणि मी स्कूटी आणखी पिटाळली. जवळ गेल्यावर कळलं की तो कुठल्याशा कारखान्याच्या चिमणीचा रोजचा धूर होता. मी त्या चिमणीला मनसोक्त शिव्या दिल्या. गणिताची परीक्षा असली की मी उत्तर बरोबर यावं म्हणून देवाला साकडं घालते. त्या दिवशी पहिल्यांदाच माझं उत्तर चुकीचं निघावं म्हणून घातलं.

गेटवर वॉचमन सर्जेराव काका होते. त्यांनी माझं तोंड पाहून काही न विचारता बाला हाक मारली. बा धडधाकट चालत बाहेर आला. मला रडू फुटणार होतं. त्याऐवजी मी त्याच्यावर ओरडले.

"लाल खोलीत काय आहे?"

"टकऱ्या. येकटाच. काय झालं, आई बरी हाय न्हवं?"

"पिवळीत?"

"धूरकट्या आन् पांढऱ्या."

"हिरवीत?"

"चिकट्या आन् उग्र्या. आगं, पन..."

"निळ्या कुठंय, बा?"

त्याने हळूच मागे, आपल्या केबिनकडे पाहिलं.

केबिन म्हणजे पत्र्याची आठ बाय आठची खोली, एक खुर्ची, बंद खिडकी. टेबल नव्हतंच. टेबलाच्या जागी निळ्या पट्ट्याचा ड्रम होता. त्यावर बाचं जुनं घोंगडं घडी करून अंथरलेलं आणि घोंगड्यावर त्याचा जेवणाचा डबा. दारातच माझ्या नाकात गोडसर, घसा चरचरवणारा वास शिरला. हा वास मला ओळखीचा होता. आई बाचे शर्ट वेगळे धुते, त्या बादलीचा हा वास.

"कधीपासून?"

"दिवाळीच्या आदी हा माल नवा आला तवापासून. हापिसात सांगितलं, त्ये म्हनले तीनात बसव. दोन दिस लई फिरवाफिरव केली, बसंना. मग आबांचं आठवलं." तो जरा ओशाळून हसला. "माज्यापाशी ऱ्हायला तर दुसऱ्या कुनाला तरास नाय. तुजं गनित काय म्हनतं? माजं चुकलं का?"

मी वही उघडली, कारण त्याच्याकडे बघवत नव्हतं. "नाय. तुझं बरोबर आहे. तुझी केबिन चौथी खोली धरली तर एकशेवीस तऱ्हा आहेत, त्यातली ही एक."

"बग," तो सर्जेराव काकांना म्हणाला. "साळंत न जाता."

पास झालेल्या मुलासारखा तो खुश होता, आणि मला त्याला पुढचं सांगायचं होतं. तीन खोल्यांत शून्य, म्हणजे केबिन धरून चार खोल्यांपैकी एकही रिकामी ठेवता येत नाही. "बा, एकशेवीस तऱ्हांनी फिरवलंस तरी तुझ्या केबिनमध्ये कुणीतरी असणारच. निळ्या नाहीतर दुसरा. तुझा खोकला तंबाखूचा नाही."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. थोड्या वेळाने गेलं.

"मग कुठं ठिवू त्याला? गेटाभाईर? पोरं खेळत्यात तिथं."

मी सेमिनारच्या कागदामागे चौथ्या खोलीसाठी अर्ज लिहिला, सहा ठिपके आणि दहा रेघाही काढून दिल्या. बाने सावकाश सही केली. सर्जेराव काका म्हणाले, साहेब सोमवारी येतील. ड्रम हलवायला जागा नव्हती, म्हणून मी बापाला हलवलं. केबिनमधली खुर्ची ओढत आणून गेटजवळच्या लिंबाखाली ठेवली आणि त्याला तिच्यात बसवलं. उद्याही इथेच बसायचं आणि सकाळी आधी घाटी दवाखान्यात छाती दाखवायची, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं.

तो बसला खरा, पण त्याची मान सारखी केबिनकडे वळत होती. त्याने बांधलेलं जनावर तिथं एकटं होतं. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. सुट्टी होईपर्यंत तो एकवीस वेळा खोकला. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता हा शेवटचा असेल, आणि मी पुढचा मोजला.